छोटे छोटे बग दुरुस्त करायला एआय कोडिंग एजंट वापरावा का, की हातानेच केलेलं बरं?

तुम्ही लिहिलंय की एजंटला समजावून सांगण्यात पंधरा मिनिटं जातात, त्याचा बदल वाचण्यात आणखी वीस, आणि तेवढ्यात ते काम हाताने झालं असतं. शेवटी असंही विचारलंय की असा बदल कमिट (म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये नोंद) कुणाच्या नावाने करायचा. मी रोजच्या कामात एजंट, म्हणजे सांगितल्यावर स्वतः कोड बदलणारं एआय साधन, वापरते. माझं उत्तर असं की जरूर वापरा, पण कुठलं काम द्यायचं ते ओळींच्या संख्येवरून ठरवू नका. दोन ओळींचा बदल तपासायला अख्खा दिवस लागू शकतो. उलट चाळीस फायलींमध्ये एका फंक्शनचं नाव बदललं तर कंपायलर आणि टेस्ट (कोड नीट चालतो का हे आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रॅम) दोन मिनिटांत सांगतात की सगळं नीट आहे. झालेली दुरुस्ती बरोबर आहे हे मला किती लवकर आणि किती खात्रीने कळेल, एवढंच मी बघते.

हे मला एका तारखेच्या बगने शिकवलं. एका स्क्रीनवर काही वापरकर्त्यांना तारीख एक दिवस आधीची दिसत होती. मी घाईत होते. एजंटला एवढंच लिहिलं, ‘तारीख एक दिवस मागे दिसते, दुरुस्त कर.’ मिनिटभरात बदल हजर झाला. तारीख स्क्रीनवर दाखवण्यापूर्वी तीत एक दिवस मिळवायचा, असं त्याने कोडमध्ये लिहिलं होतं! तक्रार करणाऱ्यांना तारीख बरोबर दिसली असती, आणि आजवर ज्यांना बरोबर दिसत होती त्यांना दुसऱ्या दिवसाची.

खरं कारण असं होतं: जावास्क्रिप्ट भाषेत तारखा सांभाळणाऱ्या ‘डेट’ला ‘२०२४-०३-१०’ अशी नुसती तारीख दिली की ती यूटीसीतली (जागतिक प्रमाणवेळेतली) मध्यरात्र धरली जाते. तिच्यापुढे वेळ जोडली आणि टाइमझोन लिहिला नाही, तर मात्र ती स्थानिक वेळ धरली जाते. यूटीसीत १० मार्चची मध्यरात्र असते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये ९ मार्चच्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात, तर टोकियोत १० तारखेच्या सकाळचे नऊ. म्हणून टोकियोतल्या माणसाला हा बग कधीच दिसणार नाही.

मी तो बदल टाकून दिला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी आधी सांगितलं, ‘कोडला हात न लावता कारण शोध आणि कुठल्या ओळीवर आहे ते दाखव.’ कारण पटल्यावर मी स्वतः एक छोटी टेस्ट लिहिली आणि टीझेड हे टाइमझोन ठरवणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून ती तीन टाइमझोनमध्ये चालवली. न्यूयॉर्कमध्ये लाल (नापास), बाकी दोन्हीकडे हिरवी (पास). मग सांगितलं, ‘तिन्हीकडे हिरवी कर, टेस्टच्या फायलीला हात लावू नकोस.’ त्याने वर्ष, महिना आणि दिवस वेगळे करून स्थानिक तारीख बनवली. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, म्हणजे मार्च हा २, हेही तो विसरला नाही. वर त्याच जातीची चूक आणखी तीन ठिकाणी शोधून दाखवली. ती मला एकटीला त्या दिवशी नक्कीच सापडली नसती.

दोन्ही वेळा एजंट तोच होता. फरक कशाने पडला? एजंट म्हणजे फायली वाचणारं, शोधणारं, बदल करणारं, कमांड चालवून आलेलं आउटपुट पुन्हा वाचणारं भाषा-मॉडेल. हे चक्र कधी थांबवायचं हे कळायला त्याला बाहेरून काहीतरी खूण लागते. तुम्ही फक्त एक वाक्य दिलंत तर तो त्या वाक्याचं समाधान करतो. पडणारी टेस्ट दिलीत तर त्याला आपटायला भिंत मिळते. या मॉडेल्सची परीक्षाही अशीच घेतात. २०२३ मध्ये आलेल्या एसडब्ल्यूई-बेंच या चाचणी-संचात पायथॉनच्या १२ खऱ्या प्रकल्पांतल्या २,२९४ तक्रारी आहेत, आणि दुरुस्ती बरोबर की चूक हे टेस्ट चालवूनच ठरतं.

तुमची ती पंधरा मिनिटं कमी होऊ शकतात. टेस्ट कशी चालवायची, लिंटची (कोडच्या लिखाणातल्या चुका शोधणारी) कमांड कुठली, कुठल्या फोल्डरमधला कोड आपोआप तयार होतो आणि म्हणून हाताने बदलायचा नाही, हे एकदाच रेपोतल्या (प्रकल्पाच्या कोडच्या फोल्डरमधल्या) सूचनांच्या फायलीत लिहून ठेवा. बरेच एजंट एजंट्स.एमडी नावाची फाइल स्वतःहून वाचतात. मग दर वेळी काय दिसतं, काय दिसायला हवं आणि ते पुन्हा कसं घडवायचं, एवढंच सांगायचं उरतं. स्टॅक ट्रेस (प्रोग्रॅम कुठे अडला ते दाखवणारी यादी) असेल तर पूर्ण द्या, आपल्या शब्दांत त्याचा सारांश देऊ नका.

वाचायची वीस मिनिटं बहुतेक वेळा एजंटने न मागता केलेल्या साफसफाईत जातात. मी काम देण्याआधी कमिट करून ठेवते आणि नंतर सर्वांत आधी गिट डिफ, म्हणजे नेमकं काय बदललं ते, बघते. एका फायलीची अपेक्षा होती आणि सहा बदलल्या असतील तर वाद घालत नाही, सगळं मागे घेऊन नवं सत्र उघडते. जुन्या सत्रात त्याचा चुकलेला विचार संदर्भ म्हणून तसाच राहतो आणि तो पुन्हा पुन्हा तिकडेच वळतो.

लेबलमधलं शुद्धलेखन मी हातानेच सुधारते, त्याला काय एजंट लागतो! लॉगिन, परवानग्या, पैशांचे हिशोब आणि डेटाबेसची रचना इथे त्याला फक्त कारण शोधायला लावते, बदल स्वतः करते. आणि काहीही पुसण्याआधी किंवा पुश करण्याआधी (बदल सगळ्यांच्या सर्व्हरवर पाठवण्याआधी) त्याने मला विचारलंच पाहिजे, अशी सेटिंग ठेवते.

कमिट माझ्याच नावाने करते. सहा महिन्यांनी कुणी गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) चालवला तर ती व्यक्ती मलाच विचारायला येणार. एजंट वापरल्याचा उल्लेख खाली करते, पण बग कशामुळे होता हे संदेशात माझ्या शब्दांत लिहिते. ते लिहिता आलं नाही तर बदल मर्ज करत नाही, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळत नाही, सगळ्या टेस्ट हिरव्या असल्या तरी.