वाचकांचे प्रश्न : धक्का पुलाला नव्हे, खांबाला

प्रश्न : माझा पुतण्या व्यापारी जहाजावर नोकरीला आहे. अमेरिकेत बाल्टिमोरचा पूल ज्या जहाजाच्या धडकेने कोसळला, त्यावरील बहुतेक खलाशी भारतीय होते, असे त्याने सांगितले. चित्रफितीत तर ते जहाज अगदी सावकाश येताना दिसते. मग एवढा पोलादी पूल पत्त्यांच्या बंगल्यासारखा कसा पडला? बांधकामच कच्चे होते काय?
– एक निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर : 'सावकाश' हा शब्दच येथे फसवा आहे. 26 मार्च 2024 रोजी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास 'डाली' हे सुमारे 300 मीटर लांबीचे कंटेनर जहाज फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळले, तेव्हा त्याचा वेग ताशी जेमतेम 12 किलोमीटर होता. गळिताच्या हंगामात चिकोडीच्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरही त्याला मागे टाकील. मात्र मालासह त्या जहाजाचे वजन एक लाख टनांहून अधिक होते. हिशेब मांडला, तर उसाने भरलेले वीस टनी ट्रक, एक-दोन नव्हे तर दोनशेहून अधिक, ताशी 60 किलोमीटर वेगाने एकाच क्षणी एकाच खांबावर आदळावेत, एवढी ती ऊर्जा भरते.

जहाज वळवता का आले नाही, हे आपला पुतण्या अधिक चांगले सांगेल. थोडक्यात एवढेच, की पंख्याने मागे लोटलेले पाणी सुकाणूवर आदळते म्हणून जहाज नीट वळते, आणि वीज जाऊन इंजिन थांबले की सुकाणूचा जोरच जातो. पहिल्यांदा वीज गेल्यापासून धडकेपर्यंत अवघी चार मिनिटे मिळाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने 2025 मध्ये बोट ठेवले ते एका सैल तारेवर : तारेला लावलेल्या नावपट्टीमुळे ती आपल्या जागी पुरती बसली नव्हती. (घरातल्या स्विचबोर्डमधील सैल तारेकडे आपणही वर्षानुवर्षे दुर्लक्ष करतोच.) जहाजावरून धोक्याचा संदेश गेल्यामुळे पोलिसांना वाहने अडवता आली, परंतु पुलावर खड्डे बुजवत असलेल्या आठ जणांच्या तुकडीला निरोप वेळेत पोहोचला नाही आणि त्यांतील सहा जण मृत्युमुखी पडले.

बांधकाम मात्र कच्चे नव्हते. 1977 मध्ये खुल्या झालेल्या याच पुलाला 1980 मध्ये एक मालवाहू जहाज धडकले होते आणि किरकोळ नुकसानीवर निभावले होते. पूल तोच राहिला, जहाजे मात्र कित्येक पटींनी वाढली. शिवाय त्याच्या पोलादी कैच्यांचा (त्रिकोणांत जोडलेल्या दांड्यांचा) सांगाडा खांबांवरून सलग गेलेला असल्यामुळे एक आधार निघताच शेजारचे गाळेही त्याच्यासोबत पाण्यात गेले. दोष द्यायचाच, तर वाढत्या जहाजांकडे पाहूनही खांबांना पुरेसे संरक्षण न देण्याला द्यावा, असे माझे मत आहे.

प्रश्न : आमच्या तालुक्यात उगम पावणारी म्हादई पणजीला मांडवी म्हणून ओळखली जाते. तेथील पूल 1986 मध्ये खनिजाच्या बार्जने धडक दिल्यामुळे पडला, असे घरातील वडीलधारे सांगतात. ते खरे आहे काय? आणि अशा धडकेपासून खांब कसे वाचवतात?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : वडीलधाऱ्यांची थोडी गफलत झाली आहे. मांडवीवरून खनिजाचे बार्ज जातात हे खरे. परंतु 1970 मध्ये खुला झालेला तो पूल पडला तो खाऱ्या हवेत आतील ताणलेल्या पोलादी तारा गंजल्यामुळे.

खांब वाचवण्याचा खरा उपाय म्हणजे जहाजाला खांबापर्यंत पोहोचूच न देणे. फ्लोरिडातील सनशाइन स्कायवे पुलाला 9 मे 1980 रोजी वादळी पावसात 'समिट व्हेंचर' हे जहाज धडकले आणि एका प्रवासी बससह अनेक वाहने खाली कोसळून 35 जण दगावले. 1987 मध्ये तेथे नवा पूल झाला, तेव्हा मुख्य खांबांभोवती पाण्यात काँक्रीटचे स्वतंत्र गोल बुरूज उभारले गेले. भरकटलेले जहाज आधी त्यांच्यावर आदळते. काही ठिकाणी खांबाभोवती दगडांची भर टाकून बेटच केले जाते, म्हणजे जहाज गाळात रुतल्यासारखे तेथेच थांबते.

ऑस्ट्रेलियातील होबार्ट शहराने याला आणखी एका साध्या उपायाची जोड दिली आहे. 5 जानेवारी 1975 च्या रात्री 'लेक इलावारा' हे जहाज तेथील टास्मान पुलाच्या खांबांवर आदळले. पुढचा रस्ता तुटला आहे हे अंधारात न कळल्यामुळे चार मोटारी थेट नदीत गेल्या, तर दोन मोटारी पुढची चाके हवेत लोंबकळत कडेवर अडकल्या आणि त्यांतील माणसे जिवंत बाहेर आली. जहाजावरील सात आणि मोटारींतील पाच, असे बारा जण गेले. ते जहाज आजही पुलाखाली नदीच्या तळाशी आहे, आणि मोठे जहाज खालून जायचे असले की पुलावरची वाहतूक थांबवली जाते.