दोन कार्डं, एक चित्र

बेटा,

पऱ्हाटी सोडून चाकणला कंपनीत जाऊ का, असं विचारणाऱ्या त्या पोरासाठी तू टॅरोच्या गड्ड्यातून सेव्हन ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे सात नाणी, आणि एट ऑफ कप्स, म्हणजे आठ पेले, ही कार्डं काढलीस. पुस्तिकेत एकापुढे ‘धीर धरा’, दुसऱ्यापुढे ‘सोडून द्या’. मग तू त्याला म्हणालीस, दोन्ही शक्यता आहेत. अगं, हे तर तो घरूनच ठरवून आला होता!

अर्थांची बेरीज करू नको. जोडी म्हणजे एकच चित्र. दोन्ही कार्डं शेजारी ठेव अन् नुसती पाह्य. पहिल्यात माणूस कुदळीच्या दांड्यावर रेललाय. सहा नाणी झाडाला लगडलीत, सातवं पायाशी. दुसऱ्यात पाठमोरा माणूस काठी घेऊन निघालाय. मागे आठ पेले, पण वरच्या ओळीत एका पेल्याची जागा रिकामी. कुदळीवर रेलला होता तोच हा, असं समजून बघ. पिकलं नाही म्हणून तो जात नाहीये. पिकलंय, तरी काहीतरी कमी आहे. काय कमी आहे, हे त्या पोराला विचारायचं होतं. क्रम उलटा असता तर निघून गेलेला माणूस परत येऊन पिकाजवळ उभा राहिला असता. कार्डं तीच!

ही कार्डं ज्यातली, त्या १९०९ च्या गड्ड्यात चित्रकार पामेला कोलमन स्मिथनं आकड्यांच्या छोट्या कार्डांवरही माणसं आणि प्रसंग काढले. आधीच्या बहुतेक गड्ड्यांत सात नाणी म्हणजे नुसती मांडलेली सात नाणी. तिनं चित्रं काढावीत आणि तू शब्द जोडत बसावं, याचा राग येतो मला.

पाठांतर नको असं नाही. पेंटॅकल्स माती, कप्स पाणी. या दोघांचं पटतं, म्हणून इथे भांडण नाही. पेंटॅकल्सच्या शेजारी स्वोर्ड्स, म्हणजे तलवारी, म्हणजे वारा, आला असता तर ओढाताण म्हटली असती. पण तेही जोडी पाहूनच.

माझ्याकडे गर्दी नसते, ठाऊक आहे. लोक म्हणतात, बाई, लवकर सांगा, अमक्याकडे पाच मिनिटांत होतं. मी नाही सांगत. ज्याला एका कार्डाचं एक वाक्य हवं, त्यानं खुशाल तिकडे जावं. हा हट्टीपणा नाही, असलाच तर कामाचा आहे. खंत एवढीच की तुझ्या वयात मला हे सांगायला कोणी नव्हतं.

त्या पोराला परत बोलाव. पैसे घेऊ नकोस. तीच दोन कार्डं त्याच क्रमानं मांड आणि आधी त्यालाच बोलू दे. कापसाचा भाव विचारला तर सांग, तो बाजार समितीत कळतो. आणि समजत नाही म्हणून तिसरं कार्ड ओढलंस, तर मला फोन करू नको.

तुझी,
मावशी