पिल्लू आणायच्या आधी तुझ्या तासांचा हिशोब कर

बेटा,

काल फोनवर तू इतकी खुश होतीस की मी मधे काही बोललेच नाही. बेसा रोडच्या साईटवरचं ते पांढऱ्या पायाचं पिल्लू, दीड महिन्याचं, रविवारी घरी आणणार आणि सोमवारी ऑफिस. रात्री पडल्यावर तो सोमवारच डोळ्यासमोर येऊन राहिला, कारण असाच एक सोमवार माझ्या घरात झालेला आहे आणि तो निस्तरायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं. म्हणून सगळं लिहूनच काढते, सावकाश वाच.

पहिले तर ह्या रविवारी आणू नकोस. दीड महिना म्हणजे फार लहान गं. कमीत कमी दोन महिने पूर्ण होऊ दे. विकायच्या पिल्लांसाठीसुद्धा २०१७ च्या केंद्राच्या नियमांत ८ आठवड्यांची अट आहे आणि ती उगाच नाही घातलेली. भावंडांशी मस्ती करता करताच पिल्लाला कळतं की किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो आणि खेळ बंद होतो, हे आपण नंतर शिकवायला गेलो तर हातभर ओरखडे घेऊन शिकवावं लागतं. तोपर्यंत रोज संध्याकाळी तिथे जा, त्याच्या आईला खायला घाल, सहा पिल्लं अंगावर पिऊन राहिली आहेत म्हणतेस तर खरी भूक तिलाच असणार. वॉचमनशी ओळख ठेव. आणि तुझी एखादी जुनी सुती ओढणी ते जिथे झोपतात त्या पोत्यावर टाकून ये. तिला आईचा, भावंडांचा वास लागेल, पहिल्या रात्री तीच कामात येईल.

हे जे दोन-तीन आठवडे मिळतील ना ते घर आणि हिशोब ह्यासाठी वापर.

हिशोब असा. तू मनीष नगरहून साडेआठला निघतेस, मिहानहून वापस येता येता साडेसहा होतात. दहा तास. पिल्लासाठी एक ढोबळ अंदाज धरतात, जितक्या महिन्यांचं पिल्लू त्यात एक मिळवायचा, साधारण तितके तास ते सू धरू शकतं आणि तेही शांत झोपलेलं असेल तर. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास. जागं असेल, खेळलं, खाल्लं, झोपेतून उठलं की लगेच लागतेच. शिवाय ह्या वयात दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खाणं. तर दहा तास एकटं ही गोष्टच होत नाही, तुझं प्रेम कितीही असो. कोणीतरी मधे यायलाच पाहिजे, पहिले दोन महिने तरी दोनदा. तुझ्याकडे कामाला येतात त्या ताईंना विचार, कुत्र्याची भीती नाही नं हे पहिले विचार, आणि त्याचे वेगळे पैसे ठरव, फुकटात गळ्यात टाकू नकोस. दोन आठवड्यांची सुट्टी नाहीतर वर्क फ्रॉम होम मिळालं तरच तारीख पक्की कर. हे जमत नसेल तर वर्षभर थांब, नाहीतर दोन-तीन वर्षांचा मोठा कुत्रा घे ज्याला घराची सवय आहे. हे म्हणताना मला वाईट वाटतंय पण म्हणतेच.

आता तो माझा सोमवार. शेरू आला तेव्हा आम्ही दोघंही नोकरीवर. शनिवारी आणला, दोन दिवस तो कोणाच्या मांडीवरून खाली उतरला नाही, मुलं, मी, शेजारचे, सगळे आळीपाळीने घेऊन बसले. सोमवारी सकाळी गॅलरीत ठेवला, पाणी ठेवलं, दार लावलं, गेलो. संध्याकाळी आले तर शेजारच्या आजी जिन्यातच उभ्या, दिवसभर रडला गं तो, ऐकवत नव्हतं पण तुमचं कुलूप होतं. गॅलरीचं दार त्याने खालून इतकं खरवडलं होतं की पुढच्या दोन्ही पायांची नखं रक्ताळली होती. सगळे म्हणाले रडू द्या, होते सवय. चौथ्या-पाचव्या दिवशी रडणं कमी झालं आणि आम्हाला वाटलं झाली सवय. सवय झाली नव्हती, तो थकून गप्प होत होता. पुढे मोठा झाल्यावर मी नुसती चप्पल पायात घातली तरी थरथरायचा, कचरा टाकायला खाली जाणंसुद्धा कठीण. त्यात त्याची काहीच चूक नव्हती. एकटं राहणं कुत्र्याला उपजत येत नाही, जन्मल्यापासून ते कोणा ना कोणाच्या अंगाला चिकटूनच असतं, आणि आम्ही दोन दिवस मांडी देऊन तिसऱ्या दिवशी सगळंच काढून घेतलं.

म्हणून पहिल्या दिवसापासून त्याची एक जागा कर. हॉलचा कोपरा, पंख्याखाली, तू स्वयंपाकघरात असलीस तरी दिसशील असा. त्याला लोखंडी जाळीचं आवार कर, आत एका बाजूला अंथरूण आणि ती ओढणी, दुसऱ्या बाजूला पेपर, पाण्याचं जड भांडं जे उलटणार नाही. बाथरूममध्ये नाही, गॅलरीत तर नाहीच. आणि साखळीने बांधून तर अजिबात नाही, लहान पिल्लू साखळीत गुंडाळून घेतं आणि जीवावर बेततं.

पहिले दोन दिवस आवाराचं दार उघडंच ठेव, खाणं आत दे. मग खाता खाता दार लाव आणि खाणं संपायच्या आत उघड. मग तू शेजारी पुस्तक घेऊन बस आणि त्याच्याकडे बघू नकोस. मग उठून स्वयंपाकघरात जा, ये. मग घराचं मोठं दार उघड, बाहेर जा, पाच सेकंद, आत ये. वीस सेकंद. एक मिनिट. वापस दहा सेकंद. दरवेळी वाढवतच नेलं तर त्याला कळतं की प्रत्येक वेळी जास्तच होणार, म्हणून मधून मधून कमी कर. जाताना पाचदा पप्प्या घेऊन बाय बाय करू नकोस आणि आल्यावर लगेच उचलू नकोस, ते शांत झालं की मग खाली बसून भरपूर लाड कर. गाडीची किल्ली, हेल्मेट, ऑफिसची बॅग हे दिवसातून दहादा उगाच उचल आणि सोफ्यावर बसून चहा पी, म्हणजे किल्ली वाजली की तू जाणारच असं त्याच्या डोक्यात पक्कं बसणार नाही.

पाच मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत पोचायला दोन आठवडे लागू शकतात. लागू दे. एकदा अर्धा-पाऊण तास शांत राहायला लागलं की पुढचं सोपं जातं, कारण पिल्लू दिवसातले १८ ते २० तास झोपतच असतं, तू गेल्यावर झोपायचं असतं एवढंच त्याला समजायला पाहिजे. त्यासाठी निघायच्या आधी खेळव, सू करून आण, आणि मग चघळायला काही दे. रबराचं पोकळ खेळणं मिळतं, त्यात दहीभात भरून फ्रीजरमध्ये ठेवायचं, बिनमिठाचा, अर्धा तास चाटत बसतं. चाटण्या-चघळण्याने ते खरंच निवतं.

आणि तुझा जुना फोन आहे नं, स्क्रीन फुटलेला, तो व्हिडिओवर लावून जा. त्याशिवाय तुला कळणारच नाही तू गेल्यावर काय होतं. दोन-तीन मिनिटं कुरकुर करून, गोल फिरून आडवं झालं तर ठीक आहे, तेवढी कुरकुर करू दे. पण सतत केकाटणं, लाळ गळणं, उन्हाळा नसताना धापा टाकणं, दार खरवडणं, आवडीच्या खाण्याला तोंडच न लावणं, आत्ताच बाहेरून येऊन सुद्धा शी करणं, ही घाबरल्याची लक्षणं आहेत. त्या वेळी वापस जा आणि दुसऱ्या दिवशी कमी वेळापासून सुरू कर. रडताना गेलं की लाडावतं असं सगळे सांगतील, तुझी आई पण सांगेल. नाही होत असं. घाबरलेल्याला धीर दिल्याने भीती वाढत नाही.

घरी आलीस आणि उशीचा कापूस हॉलभर दिसला तर रागावू नकोस, त्याला ते दोन तासांपूर्वीचं आता कळतच नाही. ते मान खाली घालतं, कान पाडतं, आपण म्हणतो बघा कसं गिल्टी वाटून राहिलं. २००९ मध्ये अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या बाईंनी ह्याच्यावर प्रयोग केला होता, त्यात दिसलं की तो चेहरा मालक रागावला की येतो, कुत्र्याने खरंच काही केलेलं असो की नसो. म्हणजे ते फक्त तुझ्या आवाजाला घाबरतं, आणि उद्या तू यायची वेळ झाली की आणखी घाबरेल. शिवाय साडेतीन-चार महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे दात पडून नवीन येतात, हिरड्या शिवशिवतात, तेव्हा चप्पल-रिमोट सगळं अलमारीत.

घराचं म्हणशील तर एकदा फरशीवर पालथी पडून बघ, पिल्लाला काय दिसेल ते. टीव्हीमागच्या वायरी, चार्जर. खिडकीतला कूलर आता बंद आहे पण त्याची वायर लोंबते, मी दिवाळीत पाहिली होती, ती वर बांध आणि मार्चमध्ये पंप लावायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घे, लोखंडी कूलरला करंट उतरून आपल्याकडे दर उन्हाळ्यात माणसं जातात, पिल्लू तर ओलं नाक घेऊन पहिले तिथेच जाईल थंडाव्याला. गॅलरीच्या ग्रीलला खालून दोन फूट जाळी. डांबर गोळ्या, उंदराचं औषध, घरात असेल तर काढूनच टाक, उंच ठेवते म्हणू नकोस. गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये असतं तुझं, ती पर्स जमिनीवर नको, साधी तापाची गोळी सुद्धा त्याला विषासारखी. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा-लसूण, शुगर फ्री च्युइंग गम नाही म्हणजे नाही, त्यामुळे तुझ्या मित्रांनी पार्टीतलं सावजी मटण आणलं तर त्यातला रस्सा पण नाही आणि शिजवलेलं हाड तर नाहीच, त्याचे टोकदार तुकडे होऊन आतडं फाटतं. आणि एक गोष्ट जी पुस्तकात नसते, खर्ऱ्याच्या पन्न्या. तुमच्या जिन्यात, पार्किंगमध्ये सगळीकडे पडलेल्या असतात, आत तंबाखू-सुपारी चिकटलेली, पिल्लाला चुरचुर आवाजामुळे उचलाविशी वाटते. तंबाखूतलं निकोटीन एवढ्याशा जीवाला झेपत नाही. खाली नेशील तेव्हा नजर जमिनीवर ठेव.

दूध-पोळीवर वाढवू नकोस, गाई-म्हशीच्या दुधाने बहुतेक पिल्लांना हगवण लागते. पिल्लांचं खाणं मिळतं, नाहीतर अंडं, उकडलेलं चिकन-भात, डॉक्टरांना विचारून.

डॉक्टर मात्र आणायच्या दिवशीच. सेमिनरी हिल्सला व्हेटरनरी कॉलेजचा दवाखाना आहे, तुला लांब पडेल, पण घराजवळचा एक आणि रात्री कामी येईल असा एक, दोन्ही नंबर आधीच सेव्ह कर. जंताचं औषध, मग ६ ते ८ आठवड्यांत पहिली लस, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस साधारण १६ आठवड्यांपर्यंत, आणि तीन महिने झाले की रेबीज. हे पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, बागेत खाली सोडू नकोस, पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो आणि दोन दिवसांत पिल्लू हातचं जातं. पण घरात कोंडूनही ठेवू नकोस, तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जे बघितलं-ऐकलं ते त्याला आयुष्यभर ओळखीचं वाटतं, म्हणून कडेवर घेऊन फिरव, भाजीवाला, शाळेची ऑटो, बँडबाजा, कुकरची शिट्टी. खेळताना दात लागून रक्त आलं तर साबणाने १५ मिनिटं वाहत्या पाण्यात धू आणि त्याच दिवशी स्वतःच्या डॉक्टरकडे जा, रस्त्यावरचं पिल्लू आहे, लहान आहे म्हणून सोडून देऊ नकोस.

घरमालकांना फोन नको, मेसेज करून परवानगी घे म्हणजे लिहून राहील. सोसायटीतल्या कोणी कुत्रा चालत नाही म्हटलं तर शांतपणे सांग की पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ मध्येच तसं कळवलेलं आहे. पण शेजारच्यांना आधी भेटून ये, माझा नंबर दे, रडलं तर मला फोन करा म्हणावं. शेरूच्या वेळी त्या आजींजवळ आमचा नंबर असता तर मी दुपारीच सुटून आले असते.

उन्हाळा दूर आहे पण आत्ताच ठरवून ठेव. तुझा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे, २०१३ च्या मे मध्ये आपल्या नागपुरात ४७.९ झालं होतं. बंद घरात दुपारी लाईन गेली की कूलर बंद, आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. मे मध्ये त्याला दुपारी एकटं ठेवायचंच नाही, सकाळी माझ्याकडे सोडून जा. माझ्याकडे खालचा मजला आहे, फरशी थंड राहते.

शेरूची जाळी माझ्या माडीवर आहे, पुसून ठेवते, शनिवारी येऊन ने. आणि येताना तुझ्या घराची एक जास्तीची किल्ली करून आण. सुट्टी संपल्यावर पहिला महिना दुपारची वेळ माझी, मी एक वाजता येऊन त्याला खाऊ घालत जाईन, बाकी वेळेचं त्या ताईंशी बोल.

तुझी
काकू