त्या ‘च’चं काय करायचं?

‘मॅडम, पूर्वी हवामानबदलाची बातमी वाचली की झोप उडायची. आता ह्यांची नोकरी गेलीय, तर तीच बातमी मी सरळ सरकवते. इतकी निबर कशी झाले मी?’

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला नवा नाही. कोविडात आला, युद्धाच्या बातम्यांत आला, महागाईत तर येतोच.

या बाई कुर्ल्याच्या, मिठी नदीपासून हाकेच्या अंतरावर तळमजल्याचं घर. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा घरात छातीभर पाणी होतं. तेव्हापासून पावसाळ्यात फ्रिजवर समुद्राच्या भरतीचं वेळापत्रक चिकटवायचा नेम. यंदा चिकटवलं नाही, त्याचीच टोचणी.

तीन भेटी त्यातच गेल्या. चौथीत मी विचारलं, ‘जून 2020मध्ये निसर्ग चक्रीवादळ अलिबागकडे आलं, तेव्हा काय केलंत?’

‘रेशनकार्ड, सर्टिफिकेटं पिशवीत बांधून पोटमाळ्यावर टाकली.’

‘आणि कोविड?’

‘होताच की! सासरे क्वारंटाइनमध्ये होते.’

बोलता बोलता त्या थांबल्या. मी पदराचा चाळा बघत गप्प राहिले. अशा वेळी तोंड उघडलं तर सगळं नासतं, हे मी चुका करून शिकलेय. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, ‘म्हणजे काळजी होती. तिच्याकडे बघायला फुरसत नव्हती.’

माणसाकडे काळजीचा साठा ठरावीक असतो, एक वाढली की दुसरी घटते, असं मानसशास्त्रज्ञ एल्के वेबर यांच्यासारखे अभ्यासक मांडत आले. पण ब्रिटनमध्ये कोविडकाळात पाहणी झाली, तर हवामानाची काळजी ओसरलेली दिसली नाही. हटतं ते लक्ष.

मी अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या पठडीतली, त्यामुळे माझा कान वाक्यातल्या ‘च’वर असतो. ‘काळजी वाटावी’ ही इच्छा झाली. ‘वाटायलाच हवी’ म्हटलं की आपणच आपल्यावर फौजदार. तो ‘च’ काढा आणि काळजीला एक छोटं काम द्या. साडेचार मीटरच्या वर भरती असलेल्या दिवसांवर खूण करा. तेव्हा जोराचा पाऊस आला तर नाल्यांचं पाणी समुद्रात उतरत नाही. त्या दिवशी कागदपत्रं वर, खालचे प्लग काढलेले. बाकीचे दिवस नोकरीच्या शोधाला. बातमी सरकवली तर सरकवली.

पुढच्या भेटीत त्यांनी मोबाइलवर फ्रिजचा फोटो दाखवला. वेळापत्रक नवऱ्याने लावलं होतं. एका मोठ्या भरतीच्या तारखेला दोन गोल होते, एक लाल, एक निळा.

‘निळा कसला?’

‘ह्यांचा इंटरव्ह्यू. अंधेरीला. आता लवकर निघावं लागणार.’