सुरकुत्या पाहून पाणी वाढवू नका

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी प्रदर्शनातून अझ्टेकियम रिटेरी हे छोटं निवडुंग आणलं. बटणाएवढं होतं, अजूनही तेवढंच आहे. अंगभर आडव्या सुरकुत्या आहेत. तहान लागत असेल का? पाणी वाढवू का, की गांडूळखत घालू? पावसाळ्यात उघड्या गॅलरीत ठेवलं तर चालेल का?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : ताई, आधी झारी खाली ठेवा. त्या सुरकुत्या तहानेच्या नाहीत, जन्मजात आहेत. रिटेरीच्या कंगोऱ्यांवर अशा आडव्या घड्या असतातच. त्या पाहून ॲझ्टेक शिल्पांची आठवण झाली, म्हणून 1929 मध्ये ‘अझ्टेकियम’ हे नाव पडलं. खरी तहान लागली की झाड आक्रसून मातीत खाली बसतं आणि बोटाला मऊ लागतं. टणक असेल तर पाणी नको.

वाढीचं म्हणाल तर मेक्सिकोच्या न्यूएवो लिओन राज्यात ते जवळजवळ उभ्या कड्यांच्या भेगांत राहतं, आणि तिथंही पुरं वाढलेलं डोकं जेमतेम पाच सेंटिमीटरचं. बियांची रोपं तर दोन वर्षांनीही मिलिमीटरमध्येच मोजावी लागतात.

बटणाखाली हिरवी तिधारी कांडी दिसते का? दिसली तर ते ड्रॅगनफ्रूटच्या जातीवरचं कलम; नर्सरीत हीच कांडी फार वापरतात. तिला पाणी जास्त लागतं आणि नाशिकची थंडी तिला सोसत नाही. पण कलम असतं तर एव्हाना डोकं फुगून पिल्लं फुटली असती, म्हणून तुमचं बहुधा स्वतःच्या मुळांवरच असावं. माझ्या मते तेच भाग्याचं. कलमावरचं गुबगुबीत रिटेरी मला तरी बघवत नाही. घड्या ताणल्या जातात, मग उरलं काय?

गांडूळखत अजिबात नको. वाढ होणार नाही, कूज मात्र होईल. चाळलेला विटांचा चुरा, बारीक खडी आणि अगदी थोडी पानमाती पुरे. कुंडी दोन इंचांची. पाणी वरून ओतू नका. सकाळी कुंडी बशीभर पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, वरची खडी ओलसर दिसली की काढून निथळू द्या. पुढचं पाणी माती तळापर्यंत सुकल्यावरच. कडाक्याच्या थंडीत पाणी जवळपास बंद.

उघडी गॅलरी पावसाळ्यात नको. छपराखाली, वारा खेळेल अशा जागी ठेवा, कारण कोंदट हवेत हे पाहता पाहता सडतं. एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात मात्र शेडनेट लावा, नाहीतर भाजल्याचे तपकिरी डाग पडतात आणि ते कायमचे राहतात. शेंड्यावरच्या लोकरीत पांढरा कापूस जास्तच वाटला तर भिंगातून पाहा. लोकर मधोमध असते. घड्यांच्या फटींत चिकटलेले पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशानं टिपून काढा आणि दर आठवड्याला पुन्हा पाहा.

दुसरं घ्यायचा विचार असेल, तर बियांपासून वाढवलेलंच मागा. ही जात साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात (सर्वांत कडक यादीत) आहे. जंगलातून खणून आणलेल्या झाडाचा व्यापार बेकायदा आहे.