चिनी चहांची चव सांगताना: तुरट, कडू, खरपूस आणि धुरकट

चीनमधील काळ्या चहांच्या चवींची तुलना करणारा लेख लिहिताना एका वाचकाला तीन प्रश्न पडले आहेत: ‘काळा चहा’ हा शब्द मराठीत चालेल का, ‘तुरट’ आणि ‘कडू’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरता येतील का, आणि लापसांग सूचाँग या चहाच्या वासाला ‘खरपूस’ म्हणावे की ‘धुरकट’.

‘काळा चहा’ चालेल, मात्र सुरुवातीलाच खुलासा हवा. मराठीत काळा चहा म्हटले की ऐकणारा बहुधा बिनदुधाचा, म्हणजे कोरा चहा समजतो. येथे अभिप्रेत आहे तो पानांचे ऑक्सिडीभवन, म्हणजे हवेतील प्राणवायूशी होणारी प्रक्रिया, पूर्ण होऊ देऊन वाळवलेला चहा. चीनमध्ये यालाच होंगचा, म्हणजे लाल चहा, म्हणतात. तेथील हेइचा, ज्याचा शब्दशः अर्थ काळा चहा होतो, हा सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने मुरवलेला निराळाच वर्ग आहे. हूनान प्रांतातील आनह्वा येथील विटांच्या आकारात दाबलेला चहा त्यात मोडतो. त्यामुळे मूळ चिनी नाव एकदा देऊन पुढे ‘काळा चहा’ म्हणणे मला योग्य वाटते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे, आणि तेच अधिक महत्त्वाचे आहे. कडूपणा ही जिभेवरची चव आहे व चहात ती काही अंशी कॅफिनमुळे येते. तुरटपणात मात्र पानांतील पॉलिफेनॉल ही रसायने लाळेतील प्रथिनांना चिकटतात आणि तोंड कोरडे पडल्यासारखे, आवळल्यासारखे वाटते. ‘तुरट’ आणि ‘तुरटी’ एकाच कुळातले शब्द आहेत, आणि तुरटीचा खडा जिभेला लावून पाहिलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. आयुर्वेदाच्या सहा रसांतही तिक्त (कडू) आणि कषाय (तुरट) वेगळे मोजले आहेत. येथे जाता जाता एक सावधगिरी सुचवतो: संस्कृतातील ‘तिक्त’ म्हणजे आपले कडू, आणि ‘कटु’ म्हणजे आपले तिखट, म्हणून भाषा भारदस्त करण्यासाठी चहाला ‘कटु’ म्हटले, तर जाणकार वाचकाचा गोंधळ उडेल. आपल्याकडे ‘तुरट’ आणि ‘कडू’ यांची सरमिसळ होण्यामागे दुधाचाही वाटा असावा. दुधातील केसीन हे प्रथिन पॉलिफेनॉलना बांधून ठेवते, तुरटपणा दबतो, आणि मग आपण चहाबद्दल बोलतो ते ‘कडक’, ‘फिका’, ‘पाणचट’ या शब्दांत, जे चवीपेक्षा चहाचा जोर सांगतात. चिनी चहा दुधावाचून पितात, त्यामुळे तेथे हे शब्द अपुरे पडतात.

लापसांग सूचाँग हा फुच्येन प्रांतातील वूयी पर्वतातल्या तुंगमू गावचा चहा. त्याची पाने आधी कोमेजू देताना आणि शेवटी वाळवताना पाइनच्या लाकडाचा जाळ करतात व तो धूर पानांत मुरतो. ‘खरपूस’ आणि ‘खमंग’ हे शब्द पदार्थाला स्वतःला आच लागून येणाऱ्या स्वादाचे आहेत. बाहेरून मुरलेल्या धुराला ते लागू पडत नाहीत. ‘करपट’ तर सरळ दोष सांगतो. ‘धुरकट’ अर्थाने अचूक असला, तरी चुलीवरच्या दुधाला किंवा आमटीला नको असताना लागलेला वासही आपण त्याच शब्दाने सांगतो, म्हणून मी ‘धुरावलेला’ किंवा ‘धुरी दिलेला’ हे शब्द पसंत करीन: त्यांत धूर मुद्दाम दिल्याचे कळते. सोबत ‘राळेसारखा वास’ असे लिहिल्यास पाइनचाही निर्देश होतो. तुंगमूच्या प्रत्येक चहाला मात्र हे विशेषण लावू नये. 2005 साली तेथेच निघालेला जिन जुन मेई हा चहा केवळ कोवळ्या कळ्यांचा असतो, त्याला धुरी देत नाहीत आणि त्याचा स्वाद मधाकडे झुकतो.

आन्ह्वेइ प्रांतातील कीमन या काळ्या चहासाठी ‘सुवासिक’ हे विशेषण फार ढोबळ आहे. या चहात जेरॅनिऑल हे गुलाबातही आढळणारे सुगंधी द्रव्य ठळक असते, म्हणून ‘गुलाबाकडे झुकणारा, सौम्य तुरट’ असे नेमके लिहिता येते. चीनच्याच युनान प्रांतातील दियानहोंग हा काळा चहा 1930 च्या दशकाच्या अखेरीस तयार होऊ लागला. तो मोठ्या पानांच्या, आसामी चहाच्याच उपजातीतील झाडांपासून बनतो, आणि त्याचा माल्टसारखा भरदार स्वाद भारतीय वाचकाला कीमनपेक्षा अधिक ओळखीचा वाटतो. ‘भरदार’ हा शब्द येथे ‘कडक’पेक्षा बरा, कारण दियानहोंग भरदार असूनही तुरटपणात सौम्य असू शकतो.

लेखात आणखी एका गुणाची नोंद घ्यावी. घोट गिळल्यानंतर घशाकडून जी गोडी परतते, तिला चिनी चहाप्रेमी हुईगान म्हणतात. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर जी गोडी जाणवते, तिच्याच जातीचा हा अनुभव आहे. त्यासाठी ‘गोडसर’ लिहिल्यास ती पहिल्या घोटातली चव वाटेल. ‘मागाहून येणारी गोडी’ असे लिहावे.