पॉवर स्टिअरिंग नसलेल्या मारुती 800 ला 38 सेंमीऐवजी 34 सेंमीचं स्टिअरिंग आणि वर जाड कव्हर बसवलं तर काय फरक पडेल?

छोटं स्टिअरिंग बसवू नका. कव्हर चालेल, पण जाड नको.

स्टिअरिंग म्हणजे तरफ. त्रिज्या 19 सेंमीवरून 17 वर आली की त्याच कामाला साधारण 12 टक्के जास्त जोर लागतो; 10 किलोच्या जागी सव्वाअकरा. गाडी धावत असताना हे फारसं जाणवणार नाही. जागच्या जागी चाकं वळवून पार्किंग करताना मात्र खांदे भरून येतील. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जुन्या ट्रक-बसचं स्टिअरिंग परातीएवढं असायचं ते याचसाठी.

मग छोट्या स्टिअरिंगने गाडी चपळ का वाटते? पाव फेरीला 38 च्या रिमवर हात सुमारे 30 सेंमी सरकतो, 34 च्या रिमवर 27. रॅकचा रेशो, म्हणजे स्टिअरिंग किती फिरवलं की चाकं किती वळतात ते प्रमाण, तोच राहतो, या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या फेऱ्याही तेवढ्याच. फक्त हाताचा प्रवास कमी होतो. पण त्यामुळे हाताची चूकही मोठी होते: हात 1 सेंमी हलला तर मोठं स्टिअरिंग 3 अंश फिरतं, छोटं जवळजवळ 3.4. हायवेवर सरळ चालवताना हे थकवतं. शिवाय खड्ड्याचा झटका हाताला जास्त जोरात बसतो.

आता जाडी. माझ्या मते लोक हिच्याकडे फारच दुर्लक्ष करतात. रिम 30 मिमी जाड असेल तर तिचा घेर सुमारे 94 मिमी. 4 मिमीचं कव्हर चढवलं की जाडी 38 आणि घेर जवळपास 120 मिमी! मग बोटं पूर्ण वळत नाहीत, पकड टिकवायला मूठ आवळावी लागते आणि मनगट दुखतं. मऊ फोमचं कव्हर रस्त्याची बारीक थरथरही गिळून टाकतं. पुढचं चाक ओल्या रस्त्यावर घसरू लागलं की स्टिअरिंग अचानक हलकं होतं. ती सूचना उशिरा पोचते. रिम धरल्यावर अंगठा मधल्या बोटाला सहज टेकला तर जाडी तुमच्या हाताला योग्य आहे.

कव्हर घ्यायचंच तर पातळ, दोऱ्याने शिवून बसवायचं घ्या. बसवल्यावर दोन्ही हातांनी ओला कपडा पिळतो तसं पिळून बघा. रिमवर जरा जरी फिरलं तर काढून टाका. ऐन वळणावर कव्हर फिरेल आणि चाकं तिथेच राहतील.

तरीही छोटं बसवणार असाल तर आधी सीटवर बसून 34 सेंमीची पुठ्ठ्याची कडी समोर धरा आणि स्पीडोमीटर झाकला जातो का बघा. बॉस किटमुळे, म्हणजे नवं स्टिअरिंग बसवायच्या जोडभागामुळे, स्टिअरिंग छातीच्या जवळ येतं, तेही मोजा. चाकं सरळ ठेवून, जुनं काढण्याआधी शाफ्टवर (स्टिअरिंग ज्यावर बसतं त्या दांड्यावर) खूण करा. शाफ्टला 36 दात असतील तर एका दाताची चूक म्हणजे 10 अंश वाकडं स्टिअरिंग. नट ठरलेल्या टॉर्कनेच, म्हणजे ठरलेल्या पिळाच्या जोरानेच, आवळा. तुमच्या गाडीत एअरबॅग नाही. ज्यांच्या गाडीत आहे त्यांनी स्टिअरिंग बदलायचा विचारही करू नये, कारण चालकाची एअरबॅग त्यातच असते.

आणि मूळ तक्रार स्टिअरिंग जड लागतं ही असेल, तर पुढच्या टायरमधली हवा आधी तपासा. हवा कमी असली किंवा टायर मूळ मापापेक्षा रुंद असले तर कुठलंही स्टिअरिंग जडच लागेल.